गाऱ्हाण्यात मधेच उठायचं नाही

...आता मला सांगा, माणसाने देवासमोर हात जोडून उभं राहावं की पाय आवळून? नाही, सांगाच, कारण मला अजून उत्तर मिळालेलं नाही, टाके मात्र चौदा मिळालेत.

तुम्हाला सांगतो, आमच्याकडे जत्रेआधी देवळात गाऱ्हाणं घालतात. म्हणजे गंगारामतात्या नारळ धरून देवाला साऱ्या गावाची रडकथा सांगणार, आणि दर वाक्याला आम्ही म्हणायचं, ‘व्हय म्हाराजा’. मधेच उठायचं नाही. उठला तो देवाच्या राखणीतून सुटला, असं म्हणतात. आणि तात्याचं गाऱ्हाणं म्हणजे... मुंबईकरांच्या नोकऱ्या झाल्या, काजूचा मोहर झाला, माकडं झाली, आणि मी सकाळपासून तीन कप चहा नि एक शहाळं पोटात घेऊन बसलेला. ‘कोणाच्या बावडेक पाणी नाय रे म्हाराजा...’ व्हय म्हाराजा. अरे, पाण्याचं नाव कशाला काढतोस तात्या...

गाऱ्हाणं संपलं, सुटलो तसा धावलो. पायरीवर कुणीतरी नारळ फोडलेला, त्या पाण्यावर सरकलो, आणि बेंबीखाली धाडकन तुळशीवृंदावनाचा कोपरा. गंमत बघा, लागलेली एकदम थांबली. मी खूश. दुपारपर्यंत पोट दगड झालं आणि झाली ती चार थेंब, तीही लाल. बायको मथुरा म्हणाली, ‘ह्यां काय ओ?’ आणि मला रिक्षात घातलं.

हॉस्पिटलात कैनात मॅडम, सर्जन, आमच्या बंदरावरचीच मुलगी. विचारते, ‘काका, पडलात तेव्हा लागली होती का?’ म्हटलं, लागलां तर, बरांच लागलां. ‘तसं नाही हो. लागली होती का?’ गो बाय, लागलां म्हणान तर इलंय. तिसऱ्यांदा विचारल्यावर आमची मथुरा सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी म्हणाली, ‘ओ, मुताक लागलेली काय, ता इचारता हा ती.’ मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तर म्हणे, लघवीची पिशवी रिकामी असती तर वाचली असती, भरलेल्या पिशवीवर मार बसला की फुटते. मग नळी घातली, नळीतून औषध भरलं, फोटो काढला. मॅडम फोटो दाखवून म्हणाल्या, ‘हे औषध पिशवीत राहायला हवं होतं काका, ते पोटभर पसरलंय. लघवीही तशीच पसरतेय. आजच शिवायला हवी, नाहीतर जिवावर बेतेल.’ तेव्हा मात्र घाबरलो. खरंच घाबरलो हो. चारचौघांत मथुराचा हात धरला, लग्नानंतर पहिल्यांदा.

शिवली. मग दोन आठवडे नळी, आणि खाटेला लटकवलेली पिशवी. भेटायला येणारा माझ्या तोंडाकडे बघतच नाही, थेट पिशवीकडे. तात्या आला, वाकून बघितलं, म्हणाला, ‘काल सोलकढी होती मा? आज बरी दिसता.’ मी आपलं, व्हय म्हाराजा.

शेवटी पुन्हा औषध भरून फोटो काढला, गळती नाही, नळी निघाली. मॅडमनी बजावलं, ‘यापुढे लागली की जायचं. समोर देव असला तरी.’ म्हटलं, व्हय म्हाराजा.

आणि घरी येऊन चार दिवस नाही झाले, गावाने देवळात गाऱ्हाणं ठेवलं. कशाचं? माझ्या पिशवीचं. ‘ह्या दत्तप्रसादाची मुताची पिशवी फुटलेली, ती तू सांदलंस रे म्हाराजा...’ अख्खा गाव, व्हय म्हाराजा. पिशवीवरून तात्या पोचला काजूवर, काजूवरून माकडांवर... आणि मला लागली. मथुरा डोळे वटारून बघतेय, समोर देव बघतोय, आणि डोक्यात मॅडम. जाऊ की थांबू? चौदा टाक्यांनी सांगितलं, जा.

उठलो. तात्या मधेच थांबला. आता शाप देतो की काय... मी आपला नजर खाली घालून एकेक पायरी उतरतोय, आणि मागून आवाज, ‘आणि बा म्हाराजा, जो कोण गाऱ्हाणां अर्ध्यार टाकून मुताक चललो हा, तेका तेवढां त्या पायरेर संभाळ रे म्हाराजा...’

आणि सगळा गाव, एका सुरात, व्हय म्हाराजा.

काय करणार... माडाच्या बुंध्याशी उभा राहून मीही म्हटलं.