खरमाटे गुरुजींचा खरा शेरा

हं! बुक्का लागला, हार गळ्यात पडला, तबलजींनी तांब्याभर पाणी पिऊन घेतलं. आता आख्यान! पण आख्यानाआधी एक प्रश्न. मंडळी, प्रश्न सोपा दिसतो हं — सोपा नाही!

जो दुसऱ्याला शिकवतो, त्याला जर एखादी गोष्ट ठाऊक नसेल — तर त्यानं 'मला ठाऊक नाही' असं म्हणावं, का म्हणू नये?

म्हणावं? पुढचे काका म्हणतात, म्हणावं. वा! काका, आपण नोकरी कुठं केलीत? बँकेत! मग बरोबर आहे. 'मला ठाऊक नाही, पलीकडच्या खिडकीवर जा!' — तिथं रोजचंच आहे ते. पण शिक्षकाला पलीकडची खिडकी असते का हो? पन्नास डोळे टकमक बघतायत, हातात खडू आहे, आणि आतून काहीच येत नाही! 'ठाऊक नाही' म्हटलं तर मान जातो. आणि तसं म्हटलं नाही, तर — काय जातं? ते आज बघायचंय.

तळवटवाडी नावाचं गाव. डोंगराच्या पायथ्याला चार खोल्यांची शाळा. तिथं पाचवीच्या वर्गावर भालचंद्र खरमाटे नावाचे गुरुजी. वय सत्तेचाळीस, नोकरी बावीस वर्षं, कपडे पांढरे, आणि अक्षर? अहो, मोती फिके पडावेत असं अक्षर! गावात लग्न ठरलं की पत्रिकेवर नावं घालायला बोलावणं गुरुजींना. बाईसाहेबांचं नाव शैला. त्या म्हणायच्या, "माझ्यापेक्षा यांच्या अक्षरालाच गावात जास्त मान आहे!"

आता शिक्षकांची एक वही असते. टाचणवही. उद्या काय शिकवणार ते आदल्या दिवशी तिच्यात लिहायचं, आणि शिकवून झालं की शेवटच्या रकान्यात शेरा लिहायचा — पाठ कसा झाला. गुरुजींचा शेरा काय असायचा, सांगा बरं? 'पाठ समाधानकारक झाला.' सोमवारी समाधानकारक. मंगळवारी समाधानकारक. बावीस वर्षं रोज समाधानकारक! अहो, इतकं समाधान तर हिमालयात बसलेल्या साधूलासुद्धा मिळत नाही!

आणि ही वही तपासायला कोण? आवटीसाहेब. केंद्रप्रमुख — म्हणजे आसपासच्या बारा शाळांवर देखरेख करणारे साहेब. ते यायचे, चहा घ्यायचे, वही उघडायचे, 'पाहिले' असं लिहायचे आणि सही ठोकायचे. वाचायचे का? छे! एकदा शैलाबाईंनी चुकून मधल्या पानावर वाणसामान लिहिलं — पोहे एक किलो, साबुदाणा अर्धा, काड्यापेट्या सहा. साहेबांनी त्याच्याखालीही सही केली. 'पाहिले'!

तर असं सगळं सुखात चाललेलं. आणि मग एके दिवशी वर्गात रंजना उभी राहिली.

रंजना बोडके. दोन वेण्या, एक रिबीन तांबडी, एक निळी — कारण एक हरवलेली. गुरुजी शिकवत होते बाष्पीभवन. फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं — 'उन्हामुळे पाण्याची वाफ होते.' रंजनानं हात वर केला.

"गुरुजी, आमी वर्गाची फरशी पुसतो न्हवं? ती सावलीतच वाळती की!"

गुरुजी थांबले. "मग?"

"मग तिथं ऊन कुठंय? आन् गुरुजी, आमच्या आईचं लुगडं माजघरात वाळतंय. माजघरात तर दिवा लावल्याबिगर दिसत न्हाई!"

वर्ग हसला. आता मंडळी, मुलीनं वाईट काय विचारलं? काही नाही! पण गुरुजींच्या कानाची पाळी लाल झाली. म्हणाले, "परीक्षेत काय लिहायचंय? उन्हामुळे. लिही तेवढं! फार शहाणपणा नको. बस!"

रंजना बसली. पन्नास डोळे वहीत गेले. पाठ झाला — समाधानकारक!

गुरुजी घरी आले. दिवस श्रावणातले, आभाळ भरलेलं, चार दिवस उन्हाचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. दारातल्या दोरीवर सकाळी धुतलेला सदरा. गुरुजींनी काढला, अंगात घालायला लागले — कोरडा ठणठणीत! आणि एक हात बाहीत, एक हात बाहेर, असे गुरुजी तिथंच थिजले.

"अगं शैला! हा सदरा वाळला कसा?"

शैलाबाई आतून म्हणाल्या, "वाळतो तसा वाळला!"

"पण ऊन कुठंय?"

शैलाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. नवऱ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "वारं सुटलंय की दारात. आणि काय हो, मास्तर तुम्ही का मी?"

झालं! गुरुजींनी टाचणवही काढली. पेन उचललं. 'पाठ समा—' लिहिलं, आणि हात पुढे जाईना. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या सुंदर अक्षरावर काट मारली. आणि खाली लिहिलं:

'रंजना बोडके हिने विचारले, सावलीत पाणी कसे वाळते? मला उत्तर माहीत नव्हते. म्हणून मी रागावलो.'

काय लिहिलं? माहीत नव्हतं — *म्हणून* रागावलो! मंडळी, या एका 'म्हणून'साठी माणसाला बावीस वर्षं लागली. आपल्याला किती लागणार, देव जाणे!

दुसऱ्या दिवशी गुरुजी वर्गात गेले आणि खडू न घेता उभे राहिले. म्हणाले, "काल रंजनाचा प्रश्न बरोबर होता. मला उत्तर येत नव्हतं. आज आपण सगळे मिळून शोधू."

मुलांना वाटलं, गुरुजींना ताप आलाय.

पण गुरुजींनी शैलाबाईंच्या जुन्या लुगड्याची चार सारखी फडकी आणली होती. भिजवली, पिळली. नशिबानं त्या दिवशी ऊनही पडलेलं. एक फडकं उन्हात. एक कोपऱ्यात, सावलीला. एक दारात, सावलीतच, पण वाऱ्यावर. आणि चौथं घट्ट झाकणाच्या डब्यात घालून डबा ठेवला उन्हात. "सांगा, कुठलं आधी वाळेल, कुठलं शेवटी? आणि नुसतं सांगू नका — का, ते सांगा!"

मग काय विचारता! नुसता कालवा! बावीस वर्षं जे वर्ग 'हो गुरुजी' म्हणत होते, त्यातलाच हा एक वर्ग — भांडायला लागला! दर पाव तासाला फडकी चाचपायची. दुपारपर्यंत उन्हातलं वाळलं, पाठोपाठ दारातलं वाळलं, कोपऱ्यातलं दमट राहिलं. आणि डब्यातलं? तापलेलं, पण ओलं गच्च!

"ऊन तर डब्यालाबी लागलं. मग?" गुरुजींनी विचारलं.

रंजना डब्याच्या झाकणाकडं बघत होती. हळूच म्हणाली, "ऊन मदत करतंय गुरुजी. पर पान्याला जायाला वाट पायजे."

गुरुजींनी फळ्यावरचं कालचं वाक्य पुसलं. त्या दिवशी घरी जाताना त्यांना वाटलं — आपण बावीस वर्षं शाळेत येतोय खरं, पण आज पहिल्यांदा कामावर गेलो होतो!

मग त्यांना चटकच लागली. रोज खरा शेरा! साहेब तर वाचतच नाहीत, मग भीती कुणाची? एके दिवशी लिहिलं — 'चाळीस मिनिटांपैकी छत्तीस मिनिटे मीच बोललो. उद्या कमी बोलायचे.' हं, तबलजी हसतायत! अहो, मी कीर्तनकार आहे, मला हे लागू नाही!

आणि मंडळी, असे चार महिने गेले, आणि एका शनिवारी आवटीसाहेब हसत हसत शाळेत आले. "खरमाटे, अभिनंदन! आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी तुमचं नाव पाठवतोय. सोमवारी सभेला टाचणवही घेऊन या. बारा शाळांच्या शिक्षकांना दाखवणार आहे — टाचण कसं असावं!"

गुरुजींनी टेबलावरची वही पटकन बंद केली. ही वही? सगळ्यांपुढं?

रविवारी दुपारी शैलाबाईंनीच उपाय काढला. "नवी वही आणा, उतरवून काढा, शेरे तेवढे पहिल्यासारखे घाला. तुमचं अक्षर आहे, संध्याकाळपर्यंत होईल." गुरुजी बसले. 'पाठ समाधानकारक झाला.' पान उलटलं. 'समाधानकारक झाला.' हात कसा सरसर चालला! बावीस वर्षांची सवय! आणि आलं ते पान. 'मला उत्तर माहीत नव्हते. म्हणून मी रागावलो.'

इथं 'समाधानकारक' लिहिलं — आणि पुढचा पाठ बघितला. चार फडकी. पण आता ही फडकी आणली कशासाठी? काल सगळं समाधानकारक होतं, तर आज फडकी भिजवायची गरज काय? ती एक ओळ पुसली, तर पुढचा पाठ उभाच राहीना! आणि बावीस वर्षांत मनापासून शिकवला असा पहिला पाठ तोच!

गुरुजींनी पेनाचं टोपण लावलं. "शैला, जुनीच नेतो."

"पुरस्कार जाईल हो."

"जाईल."

शैलाबाईंनी पिठाचा डबा पुढं ओढला. मग म्हणाल्या, "मग उद्या डब्यात भाकऱ्या जास्त देते. बोलणी खाऊन पोट भरत नाही!"

सोमवार. सभा भरली. तीसेक शिक्षक. आवटीसाहेबांनी वही हातात घेतली — न वाचताच, बरं का! सवय! — आणि मधलं एक पान उघडून मोठ्या आवाजात सुरू केलं: "ऐका, शेरा कसा असावा! 'आज कविता शिकवली. मीच रंगून गेलो. मुले खिडकीबाहेरचे माकड बघत होती. माकडाचा पाठ...'"

साहेब थांबले.

मागून कुणीतरी विचारलं, "माकडाचा पाठ काय, साहेब?"

"'...माकडाचा पाठ माझ्यापेक्षा चांगला झाला.'"

अहो, सभागृह कोसळलं हसून! साहेब लालबुंद. "खरमाटे! हे काय आहे?"

गुरुजी उभे राहिले. "शेरा आहे, साहेब."

"शेरा असा असतो?"

"झालं तसं लिहिलं."

"थांबा! सगळ्यांनाच कळू दे!" साहेबांनी दुसरं पान काढलं. "हे बघा — 'अपूर्णांकाचा भागाकार. दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचे, असे सांगितले. का उलटा करायचा, हे मुलांनी विचारले नाही. बरे झाले. मलाही माहीत नाही.' लाज वाटत नाही? बावीस वर्षांचे शिक्षक तुम्ही!"

पण या वेळी कुणी हसलं नाही. तीस माणसं आपापल्या चपलांकडं बघायला लागली!

आणि पहिल्या रांगेतून घोलपबाई उठल्या. केसांचा पांढरा अंबाडा, निवृत्तीला दोन महिने राहिलेले. म्हणाल्या, "साहेब, मलाही माहीत नाही. मी एकतीस वर्षं उलटा करायला सांगतेय. एकदा एका पोरानं विचारलं होतं, त्याला मी वर्गाबाहेर उभं केलं. आज तो भेटला तर सांगीन, चूक माझी होती."

कोपऱ्यातून एक आवाज — "मलाही नाही येत." आणखी एक — "माझं पण तेच." साहेब इकडं बघतात, तिकडं बघतात.

तेव्हा खरमाटे गुरुजींनी काय केलं? भाषण? मुळीच नाही. डबा उघडला! शैलाबाईंच्या भाकऱ्या! तीन भाकऱ्या टेबलावर ठेवल्या. "साहेब, बघूया का? एकेकाला पाऊण भाकरी द्यायची. तीन भाकऱ्या किती जणांना पुरतील?"

घोलपबाई पुढं आल्या. प्रत्येक भाकरीचे चार चतकोर केले. "झाले बारा. पाऊण म्हणजे तीन चतकोर. तीन-तीनचे वाटे..." मांडले. "चार वाटे. चौघांना!"

आवटीसाहेब कधी खुर्चीवरून उठून टेबलाशी आले, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. बोटानं चतकोर मोजत पुटपुटले, "आधी चारानं गुणलं... मग तिनानं भागलं... तीन चतुर्थांश होते... चार तृतीयांश झाले..." आणि एकदम ओरडले, "अरे! उलटा झाला की!"

मंडळी, टाळ्या पडल्या! भाकरी मोडून गणित सुटलं. मग दीड भाकरी घेतली, अडीच घेतली, ठेचा निघाला, गणितं सोडवता सोडवता पुरावे खाऊन टाकले! जेवणाच्या सुट्टीला संपणारी सभा पाच वाजेपर्यंत चालली. निघताना साहेब म्हणाले, "मी नऊ वर्षं गणित शिकवलं, खरमाटे. मलाही ठाऊक नव्हतं." आणि मग सगळ्यांना उद्देशून, "पुढच्या महिन्यात सगळ्यांनी वह्या आणा. खऱ्या आणा. मी वाचणार आहे."

पुरस्कार? तो दुसऱ्या कुणाला तरी मिळाला. आदर्श शिक्षकाचे कागद वर जातात, त्यात माकड बसत नाही! पण तळवटवाडीत पुढं गुरुजींना लग्नपत्रिकांसाठी वेळ मिळेनासा झाला. संध्याकाळी ओट्यावर घोलपबाई आणि आणखी दोघंतिघं शिक्षक येऊन बसायचे. एकमेकांना विचारायचे — आज कुठं अडलास?

आता तुम्ही म्हणाल, बुवा, आम्ही कुठं शिक्षक? अहो, घरात नातू आहे ना? 'आजोबा, हे असं का?' असं विचारतो ना? आणि आपण काय म्हणतो — 'गप! मोठ्यांना उलट विचारू नये!' घरी गेल्यावर एकदा तपासा, तो राग कशाचा होता ते.

आणि दुसऱ्यांना कशाला सांगू? गेल्या वर्षी एका गावात कीर्तन झाल्यावर एका मुलीनं मला एक प्रश्न विचारला होता. मी म्हटलं, 'बाळ, देवाच्या गोष्टीत शंका काढू नये!' लोकांनी माना डोलावल्या. मी नारळ घेऊन घरी आलो. मंडळी, आज या व्यासपीठावरून सांगतो — मला ठाऊक नव्हतं.

तेव्हा आरती दहा मिनिटं थांबू दे. निरांजन विझत नाही, तूप भरपूर आहे. ज्याला जे विचारायचंय ते विचारा. हां... त्या खांबामागच्या ताई, हात वर दिसतोय. या, पुढं या. मला उत्तर आलं नाही तर मला खुशाल हसा — पण ताईंना बोलू द्या.