भोपळा मिळालेलं उत्तर

मी : बाबा, तुम्ही वर्गात दाखवता तो मोडलेला पाय कुणाचा?

बाबा : जेवताना हा काय प्रश्न?

मी : पैज लागलीय! मैत्रिणी म्हणाल्या, तुझी विचारायची छातीच नाही.

बाबा : डॉक्टर पेशंटचं नाव सांगत नसतात.

मी : नका सांगू. मांडीचं हाड, एक पट्टी, पाच स्क्रू. एकीची ताई तुमच्याच वर्गात आहे, तिनं मोजले. मी घरी माझ्या फाइलमध्ये मोजले. पाचच!

आई : हिचा एक्स-रे दाखवता तुम्ही?

बाबा : नाव झाकलंय. इजा कशा टाळायच्या हे भावी डॉक्टरांना शिकवायचं, तर खरी उदाहरणं लागतात.

मी : मला चालेल हो, निदान पाय तरी मेडिकलला गेला! पण ताईला भोपळा का दिलात?

बाबा : कशात?

मी : 'आठ वर्षांची मुलगी गच्चीवरून पडली. कारण लिहा.' तिनं लिहिलं, आईचं लक्ष नव्हतं.

बाबा : मग भोपळाच मिळणार! पहिल्याच तासाला सांगतो मी, लक्ष कुणाचंही चुकतं. ते चुकलं तरी मूल वाचलं पाहिजे. माणसाकडे बोट दाखवू नका, जागा बदला. गच्चीला कठडा...

(ताटात चमचा ठेवल्याचा आवाज.)

आई : थांबलात का? बोला ना.

बाबा : तू मध्ये पडू नकोस.

आई : सात वर्षं मध्येच आहे मी. तुमच्या आईंना, शेजाऱ्यांना, हिच्या शाळेतल्या बाईंना तुम्ही एकच सांगितलंत, आईचं लक्ष नव्हतं. मीसुद्धा तेच खरं धरून बसले.

बाबा : फोनवर होतीस तू.

आई : होते. दोन मिनिटं. आणि वेल्डर त्याआधी दोनदा माप घेऊन गेला होता. कठडा लावला की टेकडी दिसणार नाही, पिंजऱ्यात बसल्यासारखं वाटेल, असं कोण म्हणालं होतं?

बाबा : त्या टोचणीमुळेच तर हा विषय शिकवायला घेतला मी.

मी : मग वर्गात टेकडीचं का नाही सांगत?

बाबा : मुलं काय म्हणतील मला?

मी : आईला सगळे म्हणाले तेच. तेही तासाभरापुरतं.

बाबा : फार शहाणपण नको. जेव.

मी : जेवून झालं. आता दोघंही ऐका. सोमवारी मी तुमच्या तासाला येणार. पाय माझा आहे, तो मीच दाखवणार. टेकडीचं तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन. आणि आई, पहिल्या बाकावर तुझी जागा धरून ठेवते.