वडील हयात असल्याबाबत

मी, समृद्धी दादू नाखवा, वय २६ वर्षे, व्यवसाय वकिली, मूळ राहणार करंजा, ता. उरण, सध्या राहणार कामोठे, दि. २६ फेब्रुवारी २०२६ रोजी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर एका मैत्रिणीसोबत भाड्याने राहते व पनवेल येथील न्यायालयात अॅड. चारुता कर्णिक यांच्याकडे तीन वर्षांपासून काम करते. माझे वडील दादू नाखवा हे मासेमारी करतात. आई शांती करंजा बंदरावर लिलावात मासळी घेऊन उरणच्या बाजारात विकते. दोघेही हयात आहेत.

मला समुद्रविषयक कायद्याचे पुढील शिक्षण इंग्लंडमध्ये घ्यायचे होते. त्यासाठी ऑक्टोबर २०२५ मध्ये पनवेल येथील 'दिशांतर ओव्हरसीज' या कार्यालयात गेले. त्याचे मालक कुंदन पाटणे यांनी अर्ज त्यांच्याच पोर्टलवरून भरावा लागेल व पासवर्ड त्यांच्याकडे राहील असे सांगितले. मी वकील असूनही त्याला हरकत घेतली नाही.

अर्जासोबत 'हा विषय मला का शिकायचा आहे' असा निबंध द्यावा लागतो. तो मी स्वतः अकरा वेळा लिहिला. त्यातील मजकूर थोडक्यात असा. मी आठवीत असताना आमच्या मच्छीमार सोसायटीत एक इंग्रजी नोटीस आली. गावात मीच इंग्रजी शाळेत जाणारी, म्हणून वाचायला मला बोलावले. खाडीत भराव होणार आहे, हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी, असे त्यात होते. मला शब्द वाचता आले, अर्थ लागला नाही. 'नुसती माहिती दिली आहे' असे मी सर्वांना सांगितले. मुदत गेली. आमची जाळी लागत होती तेथे आज भराव आहे. माझ्याकडून काय चुकले ते मला कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला कळले. हे मी घरी कधीच कोणाला सांगितले नव्हते. निबंधात प्रथम लिहिले.

पाटणे यांनी तो वाचून, "मॅडम, स्वतःची चूक कोण लिहितं? थोडं पॉलिश करतो," असे सांगितले. मी फक्त भाषा तपासा असे म्हटले. डिसेंबरमध्ये अर्ज भरल्याचा मेसेज आला. भरलेल्या अर्जाची प्रत मी चार वेळा मागितली. "सिस्टीममध्ये लॉक आहे," असे उत्तर मिळाले.

जानेवारीत प्रवेश देऊ केल्याचे पत्र आले. शिष्यवृत्तीची मुलाखत दि. १२ फेब्रुवारी रोजी सायंकाळी साडेसहा वाजता व्हिडिओवर ठरली. त्या दिवशी वडील सुकट घेऊन कामोठ्याला आले होते व खोलीतच बसून होते. समोर दोन प्राध्यापक होते. त्यातील बाईंनी सुरुवातीलाच, तुमचे वडील समुद्रात बुडून गेले याबद्दल आम्हाला फार वाईट वाटते, असे म्हटले. मला काही समजले नाही. माझा आवाज बसला असे वाटून वडिलांनी उठून माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. ते कॅमेऱ्यात दिसले. हे गृहस्थ कोण, असे विचारण्यात आले. मी 'माझे वडील' असे उत्तर दिले. वडिलांना इंग्रजी येत नाही. ते कॅमेऱ्याकडे बघून हसले व त्यांनी हात जोडले.

मुलाखत तेथेच थांबवण्यात आली. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने मला अर्जाची प्रत पाठवली. त्यातील निबंध माझा नव्हता. वडील वादळात बुडाले, मृतदेह तीन दिवसांनी मिळाला, असे त्यात होते. अॅड. कर्णिक यांच्या शिफारसपत्रातही तशाच दोन ओळी घातलेल्या होत्या व खालची सही त्यांची नव्हती. तसे त्यांनी लेखी दिले आहे.

दि. १४ रोजी मी वडिलांसह पाटणे यांच्या कार्यालयात गेले. पाटणे म्हणाले, "तिकडे स्टोरी लागते. कोळ्याची मुलगी, वडील समुद्रात गेले, एकदम स्ट्राँग केस. सगळ्यांचं करतो, तुम्हीच कॅमेऱ्यात घोळ घातलात." वडिलांनी मला विचारले, "मी मेलो असा लिवलाय यानं?" मी होय म्हटले. बाहेर आल्यावर, "मंग तू काय लिवला व्हता?" असे त्यांनी विचारले. मी रस्त्यात उभ्याने त्यांना माझा निबंध मराठीत सांगितला. त्यावर ते म्हणाले, "सोसायटीत तवा चाळीस मानसं व्हती. तू आठवीतली पोर. आमी कुनी दुसऱ्याला इचारला नाय, तो काय तुझा गुना?"

दि. १५ रोजी आम्ही तक्रार देण्यास पनवेलच्या पोलीस ठाण्यात गेलो. कामोठ्यात राहता तर तिकडे जा, असे सांगितले. तिकडे गेल्यावर, कार्यालय पनवेलात आहे तर परत जा, असे सांगितले. दि. १८ रोजी पुन्हा पनवेलला गेल्यावर, हे सायबरचे काम आहे, असे सांगितले. हद्द कोणतीही असली तरी तक्रार घ्यावी लागते, ते कलम मी दाखवले. "मॅडम, कलमं आम्हालाही माहीत आहेत," असे उत्तर मिळाले. दि. २१ रोजी, तुमचे नुकसान नक्की काय झाले, असे विचारले. तसेच वडील हयात असल्याचा दाखला मागितला. वडील तेव्हा बाकावर बसलेले होते. ते उठून म्हणाले, "साहेब, मी हाय ना हितं." दाखला लेखी लागेल असे सांगण्यात आले. तो आम्ही करंज्याहून आणून आज हजर केला आहे. या फेऱ्यांत वडिलांची बोट सहा दिवस किनाऱ्याला आहे.

आज सकाळी विद्यापीठाचा ईमेल आला. देऊ केलेला प्रवेश रद्द झाला आहे. खोटी माहिती दिल्याची नोंद माझ्या नावावर राहील व पुढे कोठेही अर्ज केला तर ती कळवली जाईल. पोलीस तक्रारीची प्रत उद्यापर्यंत पोहोचल्यास नोंदीचा फेरविचार करू, असे त्यात आहे. जागा परत मिळणार नाही हे मला माहीत आहे. पुढील वर्षी मी पुन्हा अर्ज करणार आहे, तो स्वतः भरणार आहे, व निबंध तोच देणार आहे.

तरी माझा निबंध बदलून, अॅड. कर्णिक यांची खोटी सही करून माझी फसवणूक केल्याबद्दल माझी कुंदन पाटणे यांच्याविरुद्ध कायदेशीर तक्रार आहे.

हा जबाब मला व माझ्या विनंतीवरून वडिलांनाही मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे, एक जागा सोडून. टंकलेखन करताना शेवटच्या परिच्छेदात 'गैरसमजातून प्रकार घडला' असे आले होते. ते मी खोडायला लावून 'फसवणूक' असे लिहवून घेतले. गैरसमज कोणाचाही झालेला नाही. खोडलेल्या जागी माझी सही आहे.

समक्ष
(सही) समृद्धी दादू नाखवा