टोपीवरचा खळगा

लाबुद : इकडची तिकडची नको, विदोये. हे काडतूस तुझ्या हातचं आहे की नाही, एवढं सांग.

विदोये : माझ्याच हातचं. त्यात लपवायचं काय? गासेर पिस्तुलाची काडतुसं माझ्या आजोबांच्या काळापासून कुठलाच कारखाना करत नाही. निक्षिचपासून पार समुद्रापर्यंत ज्याच्या घरी जुनं गासेर आहे, तो शेवटी माझ्याच दारात येतो. बसा तरी, लाबुदकाका. कॉफी टाकतो.

लाबुद : कॉफी प्यायला आलो नाही. यात दारू आहे की नाही?

विदोये : ऐंशीला टेकलात, आणि अजून उभ्या उभ्या भांडताय.

लाबुद : शहात्तर. दारू आहे की नाही?

विदोये : पुंगळी बघा आधी. रायफलीची मोठी पुंगळी कापली, तीन दिवस लेथवर घालवले, तेव्हा हे माप आलं. बुडाला बसणाऱ्या, घोडा पडला की ठिणगी देणाऱ्या टोप्या त्या मापाच्या माझ्याकडे सहाच उरल्यात. सात होत्या, एक यात गेली.

लाबुद : बाहेरून काय आहे ते मला दिसतंय. आत काय आहे ते विचारतोय.

विदोये : पण का विचारताय? रविवारी तुमच्या अंगणात काय झालं ते सगळ्या गावानं पाहिलं. मीही भिंतीवर बसून पाहिलं. मिलुतिन बापाचं गासेर गळ्यात अडकवून फाटकापासून तुमच्या पायांपर्यंत रांगत आला. ज्या गासेरनं तुमच्या वडिलांचा जीव घेतला, तेच. तुम्ही वाकलात, ते त्याच्या गळ्यातून काढलंत, त्याला उठवलंत, दोघांनी एकमेकांचे मुके घेतलेत. सत्तर वर्षांचं वैर मिटलं. पाद्रीबुवा तर लहान मुलासारखे रडले. शनिवारी तुमचा नातू वुक आणि त्याची नात यागोदा बोहल्यावर चढतील. आता काडतुसाचं काय राहिलं?

लाबुद : टोपी बघ त्याची.

विदोये : ...खळगा आहे.

लाबुद : आहे ना?

विदोये : घोडा पडलाय हिच्यावर. कुणी ओढला चाप?

लाबुद : मी.

विदोये : घरी गेल्यावर? उगाच, हवेत?

लाबुद : अंगणात. वाकलो तेव्हा. गासेर गळ्यातून काढायला म्हणून हातात धरलं. नळी त्याच्या बरगड्यांना टेकलेली होती. आणि बोट आपोआप आत गेलं. खट् वाजलं. बस्स.

विदोये : अरे देवा. कुणी ऐकलं?

लाबुद : दोघांनी. त्यानं आणि मी.

विदोये : आधीपासून ठरवलं होतंत?

लाबुद : सत्तर वर्षं ठरवलं होतं. त्या दिवशी सकाळी मात्र नव्हतं ठरवलं. बापाला उचलून घरात आणला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, विदोये. माझ्याकडे त्याचे बूट दिले होते धरायला.

विदोये : आणि मिलुतिन? तो काय म्हणाला?

लाबुद : माझ्याकडे बघितलं, उठला आणि माझ्या गालांचे मुके घेतले. दोन दिवस मला अन्न गोड लागत नाही. काडतूस पोकळ असेल, तर ते त्याला ठाऊक होतं, म्हणून एवढा शांत. मग ती दिलजमाई नव्हे, नाटक. माझ्या बापाच्या नावानं नाटक केलेल्या घरात मी वुकला देणार नाही.

विदोये : आणि भरलेलं असेल तर?

लाबुद : तर त्यानं खट् ऐकलं आणि तरीही मला जवळ घेतलं. मग तो माणूस आहे आणि मी खुनी. बोल आता.

विदोये : चाप परत एकदा ओढून बघायचा होता. लगेच कळलं असतं.

लाबुद : धजत नाही हात. बोल.

विदोये : लाबुदकाका, काही प्रश्न...

[मिलुतिनची बायको स्ताना टोपली घेऊन दारात येते.]

स्ताना : विदोयेभाऊ, आहेस ना घरात? हे बघ, ताजं चीज आणलंय, आणि हा हिवाळ्यात धुरावर वाळवलेल्या मांसाचा मोठा तुकडा. नको म्हणायचं नाही! तुझे उपकार मी... अगं बाई. व्याहीबुवा! तुम्ही इथं कसे?

लाबुद : या विहीणबाई. कसले उपकार?

स्ताना : कसले म्हणजे? असंच आपलं. शेजारधर्म.

लाबुद : डोंगर उतरून दोन तास चालत शेजारधर्म?

विदोये : वहिनी, टोपली ठेवा आणि जा घरी. मी संध्याकाळी येतो तिकडे.

स्ताना : जाते, जाते. पण हे काडतूस इथं कसं? आणि याला हे काय झालंय? मी माझ्या हातानं मिलुतिनला दिलं होतं, तेव्हा टोपी गुळगुळीत होती. कुणी ठोकलंय का हे?

लाबुद : मी चाप ओढला, विहीणबाई. तुमच्या नवऱ्याच्या छातीवर. तो गुडघ्यांवर होता तेव्हा.

स्ताना : काय?

लाबुद : ऐकलंत ते.

स्ताना : मेल्या, सगळ्या गावासमोर? पाद्रीबुवा शेजारी उभे असताना? आणि वर त्याचे मुके घेतलेस? देवा रे! तरी बरं मी विदोयेभाऊचे पाय धरले! तरी बरं मला सुचलं!

लाबुद : काय सुचलं?

विदोये : वहिनी, गप्प बसा.

स्ताना : का म्हणून गप्प बसू? हो, मी आले होते इथं, मिलुतिनला न सांगता. म्हटलं, भाऊ, आत दारू घालू नकोस, नुसतं बाहेरून काडतूस दिसू दे. त्या म्हाताऱ्याचा मला भरवसा नाही म्हटलं. आणि झालं तसंच! मिलुतिनला यातलं काही ठाऊक नाही. माझ्या मुलांची शपथ.

लाबुद : म्हणजे पोकळच.

स्ताना : पोकळ! म्हणून तर आज मी सधवा आहे.

लाबुद : आणि त्याला ठाऊक नव्हतं.

स्ताना : नव्हतं!

लाबुद : बायको नवऱ्यासाठी अशी शपथ घेतेच. मीही बायको असतो तर घेतली असती. टोपली उचला, विहीणबाई. शनिवारचं लग्न होणार नाही. वुकला मी आजच सांगतो.

स्ताना : पोरांनी काय केलंय तुमचं? यागोदाचा झगा शिवून तयार आहे!

लाबुद : राहू दे तयार.

विदोये : थांबा. दोघंही थांबा. मला ती पक्कड द्या. तो कागद पसरा इथं.

लाबुद : काय करतोयस?

विदोये : काडतूस उघडतोय. तीन दिवसांचं काम होतं. असो. शिसं जरा घट्टच बसवलंय... हं. निघालं. आता बघा.

स्ताना : हे... हे काळं काय पडतंय?

विदोये : दारू. पूर्ण माप.

लाबुद : भरलेलं होतं.

विदोये : भरलेलं. गासेरची आतली स्प्रिंग म्हातारी झालीय, घोडा जोरात पडला नाही. खळगा बघा किती उथळ आहे. अजून केसभर खोल गेला असता तर...

लाबुद : पुरे.

स्ताना : तू मला हो म्हणाला होतास.

विदोये : म्हणालो होतो.

स्ताना : इथंच, याच बाकापाशी. मी रडत होते. तू म्हणालास, जा वहिनी, निर्धास्त राहा.

विदोये : आदल्या दिवशी मिलुतिनही याच बाकावर बसला होता. म्हणाला, रिकामं गासेर गळ्यात घालून रांगलो तर लाबुदच्या बापाची थट्टा होईल. भरलेलंच हवं. त्याला शब्द दिला होता.

स्ताना : आणि मला?

विदोये : तुम्हाला खोटा दिला. पोकळ करायला बसलो होतो, वहिनी. हात वळेना. चाळीस वर्षांत माझ्या हातचं एकही काडतूस फुसकं निघालेलं नाही. निम्मं मिलुतिनच्या शब्दासाठी केलं, निम्मं माझ्या नावासाठी. आता तुमच्याशी आणखी खोटं बोलत नाही.

स्ताना : चीज ठेव तुझ्याकडे. नंतर टाकून दे वाटलं तर. मी परत नेणार नाही, आणि तुझ्या दारातही येणार नाही.

विदोये : बरं.

लाबुद : विहीणबाई, आता गासेर गळ्यात घालायची पाळी माझी आहे. तुमच्या फाटकापासून रांगत येतो. म्हणाल त्या दिवशी.

स्ताना : नको.

लाबुद : भरलेलं असेल. चाप तुम्ही ओढा.

स्ताना : नको म्हटलं ना! परत सगळं गाव जमवायचं, परत कुणाला तरी गुडघ्यांवर बघायचं. पुरे झालं मला. शनिवारी अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून चर्चमध्ये या. जेवायला त्याच्या शेजारी बसा आणि त्यानं दिलेला राकियाचा पेला न पिता खाली ठेवू नका. एवढं करा.

लाबुद : येतो. आज इथं जे झालं, ते त्याला सांगणार तुम्ही?

स्ताना : त्याला काय सांगू? त्याला सगळं ठाऊकच आहे. रविवारपासून झोपताना माझा हात धरतो, तो सकाळपर्यंत सोडत नाही. मला वाटलं, आनंदानं.