उपरण्याखाली ठरलेला बँड

लष्कराचा बँड आमच्या आर्वीत कसा आला, ते आयका. गोरे जाऊन सातेक वर्षं झालती. हुतात्मा स्तंभाच्या उद्घाटनासाठी बँड ठरवाले आमचे सेठजी सुभेदाराकडे गेलते, संगं मी. सेठजी कापसाचे अडते. बाजारात भाव तोंडानं बोलत नाई, उपरण्याखाली बोटं दाबून ठरवतात. त्यायनं सुभेदाराच्या हातावर उपरणं टाकून दोन बोटं दाबली, म्हणजे दोनशे. सुभेदाराले वाटलं, हात मिळवून राह्यले. त्यानं फौजी जोरानं अख्खा पंजा दाबला.

पंजा म्हणजे पाचशे! सेठजीले घाम फुटला. त्यायनं तीन बोटं दाबली, मंग चार. सुभेदार आपला पंजाच दाबे.

“बरं बापा, पाचशे!” सेठजी ओरडले.

“काहे के पाचशे? शहीदों के लिए फीस माफ है. बस, जवानों को खाना खिला देना.”

“कितने जवान?” म्हणत सेठजीनं पुन्हा त्याच्या हातावर उपरणं टाकलं.