भांडायला दार कुठं हाय

निवडणुकीची गोष्ट सांगतो म्हणलं की तुमच्या डोळ्यापुढं काय आलं ते मला हितं बसून दिसायलंय. गाड्या, गुलाल, मटणाचं पातेलं, आन शेवटाला दोन गटाची डोस्की फुटलेली. खरं हाय का न्हाई सांगा? तर दादा, वही मिटायची आसंल तर आताच मिटा, कारण माझ्या गोष्टीत निवडणूक हाय पण ती झालीच न्हाई. लग्नाला बलवायचं आन नवरदेवच यायचा न्हाई, तशी गत. पण मांडवात लय मजा आली, तेवढी ऐका.

नाव माझं बालाजी, पण गाव मला भोंग्या म्हनतंय, कारण माझ्या रिक्षाच्या टपावर भोंगा हाय आन तेच माझं पोट. कोणाची शेळी हारपली, डोळ्याचं शिबिर हाय, साड्याचा सेल लागला, सगळं माझ्याच तोंडून गावात जातंय. गावाचं नाव तेवढं लिवू नका, आमच्याकडं सायबलोकाला राग लवकर येतो आन काम उशिरा येतं. लिवायचंच आसंल तर लिवा की मोठ्या बाजाराला ताडकळसला जाणारं आन रेल्वे धरायला चुडाव्याला पळणारं गाव, मंग हुडकत बसू द्या.

जन्म माझा उसाच्या फडात, पाचटाच्या झोपडीत, कोपीत. माय सांगती की मी जन्मलो तवा बाजूला ट्रॅक्टर उभा होता आन त्याच्यावर टेप मोठ्यानं वाजायला होता, मंग मला त्या टेपाच्या वर रडावं लागलं, तवापासून आवाज जो मोठा झाला तो बारीक झालाच न्हाई. माय-बाप दिवाळी झाली की फडावर, गुढीपाडव्याला माघारी, आन मी आजीपाशी शाळेत. पुढं बारावीपस्तोर पूर्णेला. तिथं आमचे हेडसर शिंकायचे तीन टप्प्यात, पहिल्या टप्प्याला खिसा चाचपायचे, दुसऱ्याला रुमाल निघायचा, तिसऱ्याला समोरचं पोरगं वाकायचं. मी गॅदरिंगला ती शिंक केली. सरानी मला हॉलच्या मागं नेऊन एक कानफाटात दिली, आन मंग म्हनले आता मास्तरांच्या खोलीत चल आन पुन्ना कर. आसं माझं शिक्षण झालं.

आता ही गोष्ट समजायला तुमाला एक ठावं पायजे. आमच्या वरल्या आळीत कोणालाबी इचारा, घरात कामाची माणसं किती, तर तो म्हनंल दोन कोयते. दोन कोयते म्हंजी चार माणसं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी आसला तर अर्धा कोयता. मुकादम तसंच मोजतो, कारखाना तसंच मोजतो, आन काय सांगू तुमाला, आमीबी आमच्यालाच तसं मोजतो. माझी माय अनसाबाई, उभा जन्म अर्धा कोयता. बापाचं तसं न्हाई, बाप बी अर्धाच, पण त्याला त्याचं काई वाटत न्हाई, त्याला कशाचंच काई वाटत न्हाई, गुमान माणूस हाय, बोलायचं म्हंजी त्याला अंगावरचं कापड फाडून दिल्यावानी वाटतंय.

तर गावात ग्रामपंचायत होती. तिची मुद्दत संपली. निवडणूक लागणार म्हणून मायीनं लुगड्याचा पदर खवला. वरल्या आळीचा माणूस पंचायतीत आजपस्तोर कधी गेलाच न्हाई, आन औंदा आमच्या वार्डात बाईची जागा निघणार म्हणत होते. मायीनं घरोघर जाऊन बायांला कबूल करून घेतलं की आपल्या आळीतून एकच नाव, फाटाफूट न्हाई. मला म्हनली, बाल्या, तुझा भोंगा फुकटात लागंल. मी म्हनलो माय, डिझेल? तर म्हनली नऊ महिने पोटात वागवलं त्याचं भाडं काढू का?

आन तितक्यात हुकूम आला. म्हनं, आता तुमचं गाव गाव राहिलं न्हाई. बाजूच्या दोन वाड्या जोडून नगरपंचायत करायची, शहर होणार तुमी. नवे वार्ड पाडायचेत, तवर निवडणूक पुढं. तवर प्रशासक. पयले तर लोकं लय खूश झाले हो. आमच्या नामदेव आबानं, हे आमच्या ऊसतोडीच्या टोळीतलं जुनं माणूस, त्यानं तर धोतर सोडून पायजमा घातला, म्हनं शहरात धोतर बरं दिसत न्हाई.

मंग वार्डाचा नकाशा लागला. आमची आळी मधून कापलेली. आमच्या घराच्या भिंतीपस्तोर खालच्या आळीला जोडलं आन भिंतीपल्याड वढ्याच्या तिकडल्या वाडीला. चुलता एका वार्डात, आमी दुसऱ्या वार्डात, आन आमच्या दारातल्या बाभळीच्या दोन फांद्या दोन्हीकडं. लोकानी हरकती टाकल्या. हरकती आल्या म्हणून निवडणूक आणखी पुढं. हरकती निकाली निघाल्या तर आरक्षणाची सोडत राहिली म्हणून पुढं. सोडत झाली तर कोणीतरी कोर्टात गेलं म्हणून पुढं. आमच्यात म्हशीला रेडकू होईना तर लोकं देवरशी बघतात, हितं कोणाला दाखवावं तेच कळंना.

प्रशासक सायब माणूस वाईट न्हाई, खरं बोलावं. त्याच्याकडं चार-पाच गावाचा चार्ज, आमच्याकडं येतो फकस्त बाजाराच्या दिवशी, ते बी आला तर. पण बोलायची तऱ्हा अशी, की देवानं ती माझ्यासाठीच बनवली. आधी घसा साफ करतो, ख्र्हम्, मंग चष्मा वर सारतो, मंग म्हनतो, तत्त्वतः मान्य आहे. पाणी येईना सायब? ख्र्हम्, तत्त्वतः येत आहे. नाली तुंबली सायब? ख्र्हम्, तत्त्वतः प्रक्रिया चालू आहे. मी ते बघून आलो आन त्याच सांजंला पारावर करून दावलं, लोकं हसून हसून खाली लोळले. तवापासून आळीतली उलसी लेकरं बी, त्यांच्या मायीनं आंघोळीला बलवलं की म्हनायची, ख्र्हम्, तत्त्वतः केली.

हसायचं हसलो दादा, पण नळाला पाणी न्हाई ते न्हाईच. आधी काय व्हायचं, वरल्या आळीला पाणी आलं न्हाई की बाया रिकाम्या घागरी घेऊन सरपंचाच्या दारात जायच्या आन त्याच्या सात पिढ्या उकरायच्या. सरपंच कसा बी आसू द्या, शेजारीपाजारी ऐकायलेत म्हणल्यावर त्याला लाज वाटायची, मंग वॉल्व फिरायचा. आता घागरी घेऊन जावं कुठं? हापिसाला कुलूप. सायब तालुक्याला. माय म्हनायची, अरं त्यानी पाच वर्षातून एकदा आपल्या दारात हात जोडून यावं आन मंग पाच वर्ष आपण त्याच्या दारात भांडायला जावं, हीच तर रीत हाय, आता भांडायला दार कुठं हाय सांग मला?

आन मंग बातमी फुटली, की निवडणूक आता हिवाळ्यात व्हईल. मायीच्या हातातला तवा खाली पडला. हिवाळ्यात आमची आळी कुठं आसती? फडावर. आळीत राहतात म्हतारे, शेळ्या आन कुलपं. खालच्या आळीचा एक जण तर मायीला तोंडावर म्हनला, अनसाबाई, तुमाला मत टाकायचंय का ऊस तोडायचाय, एक काईतरी ठरवा. माय म्हनली, दोन्ही करीन, आन मोजून घ्यायला तुलाच बसवीन.

तवा मायीनं ठरवलं, की ते घेत न्हाईत तर आपुन घेऊ. बाजाराच्या दिवशी, सायब येतो त्या दिवशी, हापिसाच्या म्होरं. दोन रिकाम्या घागरी मांडल्या, पाण्याला तर त्या कामाच्या राहिल्याच नव्हत्या. ज्याला निवडणूक आमी जायच्या आधी पायजे त्यानं डाव्या घागरीत चिंचोका टाकायचा, ज्याला नंतर चालंल त्यानं उजव्या घागरीत. मी रिक्षा आडवी लावली, टपावर चढलो, माईक घेतला आन चालू केलं. ख्र्हम्. नागरिक बंधू-भगिनींनो, तत्त्वतः आज मतदान नाही, परंतु तत्त्वतः आपण रांग लावावी. सगळा बाजार पळत आला. भजेवाला झाऱ्या हातात घेऊन आला. कोणी फसलं न्हाई हां, सगळ्याला ठावं की भोंग्या हाय, पण त्या आवाजात हुकूम ऐकून लोकं खरंच रांगंत लागली, आता ही सवय कोणी लावली तुमीच सांगा.

चिंचोके वाटायला आन मोजायला नामदेव आबा बसला, पायजमा घालून. आन बघतो तर काय, डाव्या घागरीत चिंचोके लय कमी पडायलेत. रांग केवढी आन चिंचोके केवढे. मायीनं जाऊन बघितलं. आबा काय करायला होता, नवरा-बायकोची जोडी आली की दोघाला मिळून एक चिंचोका द्यायला होता, आन एकटी बाई आली तर म्हनायला होता, थांब, तुझा जोडीदार येऊ दे. अन् बाया थांबल्या होत्या हो! आमच्या बाया, सरपंचाच्या सात पिढ्या उकरणाऱ्या, गुमान बाजूला थांबल्या होत्या, कारण कोयत्याची मोजणी म्हंजी आमच्या अंगात भिनलेली.

माय आशी पेटली म्हणता. आबा, हा काय फड हाय का? आबा गडबडला, म्हनला, अगं पन मोजणी तर अशीच आसती की. माय म्हनली, ती कारखान्याची. तिथं मी अर्धी. हितं मी पुरी हाय, ही पुरी हाय, ती गंगू पुरी हाय, आन माझा नवरा बी पुराच हाय, त्याला आज कळू दे. वत त्या घागरी, पयल्यापासून घे, बायांची रांग वायली, बाप्याची वायली. आन बायांची रांग वायली लागली ती पार भाजीच्या दुकानापस्तोर गेली. माझा बाप बाप्याच्या रांगंत उभा होता, त्याचा नंबर आला, त्यानं चिंचोका टाकला आन त्या दिवसातलं एकच वाक्य बोलला. म्हनला, हलकं वाटलं.

आन त्याच टायमाला खऱ्या सायबाची जीप आली. मी टपावर, माईकवर, ख्र्हम् आर्धं बाहीर आन आर्धं आत. सायब उतरला, गर्दीत घुसला, चष्मा वर सारला आन म्हनला, ख्र्हम्, हे काय चाललंय? ह्याला परवानगी नाही. आमची गयाआत्या रांगंत होती, तिच्या डोळ्याला दिसत न्हाई, ती खऱ्या सायबाचा दंड धरून म्हनली, बाल्या, आज जमंना रं तुला, मघाचं बरं होतं, आवाज बसलाय, आलं खा. सगळा बाजार फुटला. सायबाच्या शिपायानं तोंड तिकडं केलं, त्याचे खांदे हालायलेले मी वरून बघितले.

सायब लाल झाला. म्हनला, हे बेकायदेशीर आहे, याला काही किंमत नाही. माय म्होरं गेली, डावी घागर उचलून त्याच्या पायापाशी ठिवली. किंमत न्हाई ना सायब, मंग मोजा की, बिनकिमतीच्या गोष्टीला भ्यायचं कशाला? सायबानं चष्मा काढला. मंग हळूच म्हनला, बाई, तारीख माझ्या हातात नाही. मला सुद्धा कळवत नाहीत. पयल्यांदा तो तत्त्वतः म्हनला न्हाई, आन खरं सांगतो, मला त्याची नक्कल करायला जमलं न्हाई त्या वाक्याची. माय म्हनली, तुमच्या हातात न्हाई ते आमाला ठावं हाय सायब. आमच्या हातात काय हाय तेवढं बघून जावा. उजव्या घागरीत हात घाला. सायबानं खरंच हात घातला. रिकामी. तळाला नुसता गंज.

तारीख अजून लागली न्हाई. पण मुकादम आला तवा बायाच म्होरं बसल्या. म्हनल्या, मतदान लागलं की त्या दिवशी टोळीला गाडी पायजे, गावाला यायला आन जायला, कबूल आसंल तर येतो, न्हाईतर दुसरा मुकादम हाय. तो म्हनला, आसं कधी झालं न्हाई. बाया म्हनल्या, शहर बी कधी झालो नव्हतो. लय ओढाताण झाली, पण कबूल झाला. आता दिवाळी झाली की आळी जाणार, मी हितं भोंगा घेऊन राहणार, तारीख कळाली की पयला फोन मायीला. आमच्या आळीचे दोन तुकडं केलेत ना, मंग दोन्ही तुकड्यात बाई उभी राहणार, एकीकडं माय, एकीकडं आमच्या आळीतली ती गंगू. करा म्हणावं आणखी चार तुकडं, आमच्याकडं बाया लय हायेत.

बाकी शिव्या मला तिघानी दिल्या. सायबानं दिल्या कायद्यातल्या. पोलीस ठाण्यातल्या जमादारानं दिल्या त्या तुमच्या वहीत बसायच्या न्हाईत. मी हासत हासत घरी आलो, वाटलं माय पाठीवर हात ठिवंल, म्हनंल, वाघ हाय माझा. माय चुलीपाशी बसलेली, वर बघितलं बी न्हाई. म्हनली, तू चिंचोका टाकलास का? मी म्हनलो, माय, मी तर टपावर होतो. मंग जी सुरू झाली. म्हनली, मेल्या, गावभर बोंबललास मत टाका मत टाका, तुझं मत कोण टाकणार, तो सायब? गयाआत्याला दिसत न्हाई ती चाचपत आली, तुझा मुका बाप आला, आन तू धा जणाचे आवाज काढतोस आन सोताचा एक चिंचोका तुला टाकता येईना? खऱ्या मतदानाला बी आसाच टपावर बसलास आन मी एका मतानं पडले, तर ध्यानात ठिव बाल्या, तुझ्या त्या भोंग्यात शेण भरीन, आन मंग काढ म्हणावं कुणाचा काढायचा त्याचा आवाज.