शनीवरच्या जावा

ल्युबेन : ...आणि चौथ्या पुस्तकात परत तेच! मेंढपाळाचा पोर, खांद्यावर जन्मखूण, आणि शेवटी तोच राजा. अरे, त्या राज्यात दुसरं कुणी जन्मालाच येत नाही का?

कामेन : जरा दम धर, ल्युबेन. वाचकमंडळातले बाकीचे येऊ देत. सगळं विष माझ्यावरच ओतलंस तर त्यांना काय उरेल?

ल्युबेन : विष पुरून उरेल. वर्षच तसं होतं. बघ, हे टेबल परत डुगडुगतंय. गेल्या डिसेंबरात वर्षातलं सगळ्यात भिकार पुस्तक निवडून याच्या पायाखाली घातलं, तर त्याला तेही काम जमेना.

कामेन : यंदा आखूड पायाखाली काय घालायचं म्हणतोस?

ल्युबेन : ‘शनीवरचे सुतार’. दुसरं नाव नकोच.

कामेन : अरे, मला आवडलं ते!

ल्युबेन : तुला काय, औषधाच्या बाटलीवरचा कागदही आवडतो. दिवसभर दवाखान्यात लोकांच्या कवळ्या घासून घासून डोकं गुळगुळीत झालंय तुझं. नाव शनीचं, आणि शेवटची शंभर पानं काय, तर दोन जावांचं भांडण! लोणच्याचं पिंप कुणी पळवलं यावरून! अवकाशात जाऊन लोणचं!

कामेन : कुठल्या जावा?

ल्युबेन : कप्तानाची बायको आणि तिची थोरली जाऊ.

कामेन : ल्युबेन, कप्तान यंत्र आहे. त्याला बायको कुठून येणार?

ल्युबेन : ...तेच म्हणतोय मी. लेखकाला एवढंही भान नाही.

कामेन : जावा नाहीत त्या पुस्तकात. लोणचंही नाही. बरं, ते सोड. ‘मिठाचा मनोरा’ वाचलंस?

ल्युबेन : वाचतोय. त्याच्याबद्दल मात्र वाकडं बोलायचं नाही हं. पंधरा वर्षांत असं काही हाती लागलं नव्हतं. तो म्हातारा ड्रॅगन, उडणं सुटलेलं, आणि ती पाणचक्कीवाली. रोज संध्याकाळी येऊन त्याला खालच्या दरीत काय चाललंय ते सांगते, आणि वर त्याला शिव्याही घालते. काय बाई आहे! उन्हाळ्यापासून चाललंय, संपतच नाही. संपू नये असंच वाटतं.

कामेन : ड्रॅगन चाळिसाव्या पानावर मरतो.

ल्युबेन : कुठला?

कामेन : एकच आहे. हे घे, माझ्याकडे पुस्तक आहे. वाच.

ल्युबेन : चष्मा घरी राहिला.

कामेन : नाकावर आहे तुझ्या. दिसत नाही तुला? कधीपासून?

ल्युबेन : ईस्टरपासून. मधलं सगळं पुसलंय. तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. त्यातल्या त्यात तेवढंच सुख.

कामेन : आणि मला वाटायचं, रस्त्यावर बर्फ आहे म्हणून वहिनी हात धरून आणतात! मला सांगायचं होतंस. मी वाचून दाखवलं असतं.

ल्युबेन : आणि मंडळाला काय सांगितलं असतंस? नियम कुणी केला? ज्यानं स्वतः शेवटपर्यंत वाचलं नाही, त्यानं उचलली जीभ लावली टाळ्याला, असं इथं चालणार नाही. बोललाच, तर पुढचं वर्षभर गप्प. दोन प्रकरणं गाळली म्हणून व्हेल्कोला मी गप्प बसवलं. तो परत आलाच नाही. मला गप्प बसवलंत तर मी करू काय, कामेन? या खोलीत तोंड उघडायचं, एवढंच तर उरलंय माझं.

(स्नेझाना, ल्युबेनची बायको, बानित्साचं, भाजलेल्या पापुद्र्यांच्या पोळीचं, गरम ताट घेऊन येते.)

स्नेझाना : कामेन, टेबलावरची पुस्तकं उचल. त्यांच्यापेक्षा या बानित्सात जास्त अक्कल आहे, नुसतं चीज घातलंय तरी.

ल्युबेन : स्नेझा, शनीवर जावा कुठून आल्या?

स्नेझाना : लागला का पत्ता? मग काय करू? तीनशे पानं नुसते खिळे ठोकतायत मेले! आमच्या माहेरी लोणच्याच्या दिवसांत याहून जास्त घडतं.

ल्युबेन : ईस्टरपासून मला फसवलंस! आणि मी आपला लेखकाला गाढव म्हणत बसलो!

स्नेझाना : गाढवच आहे तो. मी वाचलंय ना, शेवटपर्यंत. सगळीच वाचली, आधी मनात, मग तुला मोठ्यानं. बरी होती तेवढी तशीच वाचली.

कामेन : बरी किती होती, वहिनी?

स्नेझाना : एकही नाही.

ल्युबेन : आणि ड्रॅगन?

स्नेझाना : चाळिसाव्या पानावर मारला मूर्खांनी. पुढं पाचशे पानं करवसुली. तुला आवडला होता तो. मी नाही मारला.

कामेन : जिन्यावर पावलं वाजतायत. आलेच सगळे. ल्युबेन, मी काही ऐकलं नाही. कवळ्या घासून घासून कानही गुळगुळीत झालेत माझे.

ल्युबेन : नको. व्हेल्कोला लावला तो नियम मलाही. मी वर्षभर गप्प. माझ्या खुर्चीत ही बसेल. वाचलंय हिनं, बोलेलही हीच.

स्नेझाना : मी? मी या लोकांत काय बोलू? मला तर हे सगळं थोतांड वाटतं.

कामेन : मग बसाच, वहिनी. मंडळाची भाषा येतेय तुम्हाला.

स्नेझाना : बसते. पण आधीच सांगते, टेबलाखाली एकानं भागायचं नाही. चारही पायांना पुरतील इतकी आहेत.

ल्युबेन : स्नेझा...

स्नेझाना : आता काय? गप्प बसणार होतास ना?

ल्युबेन : बसतो. एवढंच सांग. ती पाणचक्कीवाली उद्या येते ना त्याच्याकडे?

स्नेझाना : बानित्सा खा. गार होतोय. येते.